कूलंटची घंटा

सासऱ्यांची व्हीलचेअर कॉम्प्युटरसमोर लावून तिने ब्रेक दाबला आणि खिडकीशी जाऊन पडदा सारखा करत उभी राहिली. पडदा सारखाच होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

पक्षाघातानंतर सासऱ्यांचा एकच हात शहाणा उरला होता आणि त्या हाताने त्यांनी गेममध्ये अख्खा कारखाना उभारला होता. हयात बॉयलरपाशी गेलेला माणूस, दुसरं काय खेळणार? भट्ट्या, पंप, पाइप आणि मधोमध भट्ट्या थंड ठेवणाऱ्या निळ्या कूलंटची टाकी. कूलंट फिरत राहिलं तर सगळं आलबेल, आटलं तर भट्ट्या जळाल्याच. टाकी उतरली की वाजेल अशी घंटाही त्यांनी जोडली होती. तपासण्यांसाठी दवाखान्यात जाताना त्यांनी सुनेला बजावलं होतं, कारखाना चालू राहू दे, घंटा वाजली तर दुसरा व्हॉल्व्ह तेवढा उघड.

घंटा वाजली तेव्हा ती भाजी चिरत होती. ती अतिदक्षता विभागातली नर्स. तिथे दिवसभर कुठलं ना कुठलं यंत्र बोंबलत असतं आणि बघावं तर पेशंटने नुसती कूस बदललेली असते. हात आपोआप जातो, आवाज बंद करतो. इथेही तसाच गेला. कॉम्प्युटरपाशी येऊन घंटेच्या चित्रावर क्लिक करून ती परत भाजीकडे वळली. लक्षात आलं तोवर भट्ट्यांचा कोळसा झाला होता आणि गेमने तो कोळसा इमानेइतबारे सेव्हही केला होता.

आता दवाखान्यातून परतलेले सासरे स्क्रीनकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"घंटा जोडायचीच राहिली," ते जड जिभेने म्हणाले. "मला वाटलं, जोडली. डॉक्टरचं खरं आहे. डोकं गेलं माझं."

काल डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासायला त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं. काटे चुकले, तेव्हा ते हसले होते. आता हसत नव्हते.

गप्प राहिली असती तर ती सुटली असती. पण तिला स्वतःची शरम वाटली.

"घंटा वाजली होती, बाबा. मी बंद केली."

त्यांनी मान वळवली. "वाजली होती?"

"हो. स्वयंपाकघरात ऐकू आली. वॉर्डातल्या सवयीने हात गेला. चुकलं माझं."

चेहऱ्याची जी बाजू हलत होती, ती हसली.

"म्हणजे जोडली होती मी," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुन्हा, "जोडली होती."

ते हसू बघून तिला जास्तच अपराधी वाटलं. रागावले असते तर फिटंफाट तरी झाली असती.

शहाण्या हाताने माऊस ओढत त्यांनी जळक्या भट्ट्या एकेक करून पुसल्या. मोकळ्या जागेत सगळ्यात आधी घंटा बसवली आणि सुनेला ती वाजवून बघायला सांगितलं.

तिने वाजवली. मग ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, दोघांनी घंटा ऐकली, आणि घंटा वाजत होती तोवर आवाज बंद करायला सवकलेला हात तिने पदरातून बाहेर काढला नाही.