तिपानी गवत

"गोठ्यात पाऊल टाकलंस तर बघ!" सासू दारात आडवी उभी राहिली आणि तिनं सुनेच्या हातातली पाटी हिसकावून घेतली. "तुझा हात लागतो म्हणून मेंढ्या फळेनात. स्वतःची कूस रिकामी, आता माझा गोठाही रिकामा केलास!"

सून अंगणात मागं सरली. मूलबाळ नव्हतं म्हणून तिनं मेंढरांत जीव गुंतवला होता. अडलेली मेंढी तिनंच सोडवायची, आईनं झिडकारलेलं कोकरू तिनंच बाटलीनं पाजायचं. गाव तिला चेष्टेनं मेंढरांची आई म्हणायचं.

नवऱ्यानं ओढ्याकाठचं रान नांगरून तिथं तीन-तीन पानांचं तिपानी गवत पेरलं होतं. भर उन्हातही ते गुडघ्याएवढं हिरवंगार. मेंढ्या सकाळपासून त्यात तोंड घालायच्या, त्या अंधार पडेपर्यंत. पाठी अशा भरल्या, की हाड हाताला लागेना. पण विण्याचे दिवस आले आणि गोठा गपगार. नवऱ्यानं एडक्याला दोष दिला, त्याला विकून दुसरा आणला. पुढं विकत घेणाऱ्याच्या रानात त्या जुन्या एडक्याची कोकरं उड्या मारायला लागली, तेव्हा सगळ्यांची बोटं सुनेकडं वळली.

त्यात आणखी भलतंच व्हायला लागलं. एडक्याजवळ कधी गेल्या नव्हत्या त्या तरण्या मेंढ्यांच्या कासा दुधानं टरारल्या. खच्ची केलेल्या नराच्या अंगातूनही दूध ठिबकलं. सासूनं कपाळाला हात लावला.

एकच म्हातारी मेंढी कशीबशी गाभण राहिली होती. ती अडली. नवरा अंगणातूनच ओरडला, "अगं ये लवकर! मला नाही जमायचं!"

सासू दारातून बाजूला झाली. सून मातीत गुडघे टेकून कोपरापर्यंत हात घालून बसली. कोकरू आलं ते मेलेलं. मागोमाग मेंढीचं मायांग, अख्खी कूसच, बाहेर आलं. सुनेनं ते ओल्या फडक्यावर तोलून धरलं आणि डॉक्टर येईपर्यंत हात हलू दिला नाही. तरी मेंढी गेलीच.

जनावरांच्या डॉक्टरनं हात धुता धुता त्या दुधाळ नराकडं पाहिलं. "खायला काय घालता यांना?"

नवऱ्यानं ओढ्याकडं बोट केलं. डॉक्टर तिथवर जाऊन आला, चिमूटभर पाला घेऊन.

"मादीच्या अंगात जो रस असतो ना, त्याच्यासारखंच काहीतरी या पाल्यात असतं. रोज पोटभर हेच खाल्लं की मेंढीची कूस बिघडते."

सासू घाबरली. "अहो, याची कोवळी पानं आम्हीही भाजीत टाकली हो!"

"मूठभर पानांनी माणसाला काही होत नाही, आजी. उतारवयात बायकांच्या अंगाची आग होते, तिला असल्या पाल्यानं, कडधान्यानं थोडा आराम पडतो असंही म्हणतात. पण मेंढी दुसरं काही खातच नाही."

सासूनं सुनेकडं पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला. "मग हिलाही यानंच..."

"गवत दोन सालांमागं पेरलंय, आत्या," सून म्हणाली. "मी बोलणी खातेय लग्नापासून." हाताचं रक्त मातीनं चोळत ती पुढं बोलली, "एडक्याची निदान दुसऱ्याच्या रानात पारख झाली. इथं माझ्याशिवाय कुणाला तपासलंय कधी?"

नवरा मान खाली घालून दावं गुंडाळत राहिला. डॉक्टरनं घसा खाकरला. "मोठ्या मेंढ्या आता फळायच्या नाहीत. विका. तरण्या सुक्या चाऱ्यावर ठेवा. त्यांचं सुधरेल कदाचित. खात्री नाही."

दुसऱ्या दिवशी खाटीक गाडी घेऊन आला. एकेकीची पाठ दाबून बघत म्हणाला, "काय माल राखलाय! असली मेंढी पंचक्रोशीत नाही."

सून प्रत्येकीच्या कानामागं खाजवत तिला फळीवर चढवत होती. तिच्या हाताला ओळखून त्या निमूट चढत होत्या.

गाडी गेल्यावर तिनं तरण्या तेवढ्या पुढं घातल्या आणि माळाची वाट धरली. वर वाळलेल्या काड्या होत्या आणि दगड. सगळ्यात पुढची मेंढी वळून वळून ओढ्याकडं धावायला बघत होती.

"तिकडं नाही, बाई," ती म्हणाली आणि काठी आडवी धरून मेंढ्यांच्या आणि ओढ्याच्या मधून चालायला लागली.