दारामागची नोंद

मित्रांनो, मी कायदा महाविद्यालयाच्या तळमजल्यावरचा एक जुना फलक आहे. सहा फूट लांब, चार फूट उंच, पाठीला जाड हिरवे कापड आणि पुढे सरकणाऱ्या दोन काचा. जुना म्हटल्यावर तुम्ही कीव करायला निघाल, म्हणून आधीच सांगतो, मी रडगाणे गायला उभा नाही. माझ्या अंगावर टाचण्यांची हजारो भोके आहेत. त्यांतल्या एका टाचणीने काय केले, ते मला सांगायचे आहे.

माझी चौकट परीक्षेच्या मोडक्या बाकांची. सुताराने ती चार वेळा मापली. जोडीदार हसला तेव्हा तो म्हणाला, "हसू नकोस. वकिलांच्या शाळेतला फळा आहे. कोपरा वाकडा झाला तर आपल्यावरच खटला भरतील." माझे चारही कोपरे आजही काटकोनात आहेत.

पण पहिली काही वर्षे मला कोणी विचारले नाही. निकालाच्या दिवशी झुंबड उडे, मग पुन्हा सामसूम. किल्ली हेडक्लार्कसाहेबांच्या खणात. शुल्क भरण्याची तारीख, वसतिगृहाचे नियम, हरवलेल्या छत्रीची सूचना. ती सूचना दोन वर्षे माझ्या छातीवर होती. छत्री मिळाली की नाही, देव जाणे.

मग बाई आल्या. त्या घटनेचा कायदा शिकवत. विद्यार्थी त्यांना मागे 'मुद्देबाई' म्हणत, कारण कोणी लांबण लावली की त्या म्हणायच्या, "ते झालं. मुद्दा काय?" त्यांनी पहिल्याच महिन्यात माझे कुलूप काढायला लावले. हेडक्लार्कसाहेब कासावीस झाले.

"अहो बाई, कोणीही काहीही लावेल!"

"लावू दे. कायदा कुलपात ठेवायची वस्तू नाही."

तेव्हापासून दर सोमवारी माझ्यावर एक पान लागू लागले. वरच्या भागात महाविद्यालयाच्या बातम्या असत. वादस्पर्धेत कोण जिंकले, कोणते सर कुठे व्याख्यानाला चालले, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे. खालच्या भागात बाईंची टिप्पणी. त्या आठवड्यात न्यायालयात जे गाजले असेल त्याचा अर्थ त्या साध्या भाषेत लिहीत. लिहून झाले की आधी शिपाईमामांना वाचून दाखवत. मामा जिथे कान खाजवत ते वाक्य बाई खोडून टाकत. आणि उजव्या कोपऱ्यात त्यांनी लाल फितीची एक चौकट केली होती. तिच्यावर लिहिले होते, 'बाईंचं काय चुकलं?'

नियम असा की चूक सापडली तर कोणीही चिठ्ठी टाचावी, खाली नाव लिहावे. बाईंनी पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे. आणि चूक खरी निघाली तर ती जितक्या मोठ्या अक्षरांत केली, तितक्याच मोठ्या अक्षरांत कबूल करायची. एकदा एका विद्यार्थ्याने कायद्याचे साल चुकल्याचे दाखवले. बाईंनी मान्य करून त्याला एक नवी पेन्सिल दिली. त्याने ती तासून वापरली नाही म्हणे, घरी जपून ठेवली.

माझी सगळ्यांत नेमाची वाचक मात्र विद्यार्थी नव्हती. सफाई करणाऱ्या मावशी रोज सकाळी सातला माझी काच पुसायला येत. शाळा चौथीपर्यंत झालेली. काचेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत आणि मग बोटाचे ठसे पुसून पुढे जात. शिपाईमामा चिडवायचे, "काय मावशी, वकील व्हायचंय वाटतं?"

"झाले तर तुमचीच केस घेईन पहिली. चहात पाणी घालता म्हणून."

तर मित्रांनो, त्या वर्षी सफाईच्या ठेकेदाराने सांगितले की पुढच्या एक तारखेपासून तो नवी माणसे आणणार. मावशींसह एकोणीस जणींनी घरी बसायचे. त्याच आठवड्यात वरच्या न्यायालयाचा एक निकाल आला. एकाच ठिकाणी सलग पाच वर्षे काम केल्याची लेखी नोंद असेल, तर त्या कामगाराला असे एकाएकी काढता येणार नाही.

बाईंनी सोमवारी त्यावर लिहिले. निकालाचे कौतुक केले आणि शेवटी लिहिले, 'आपल्या महाविद्यालयातील एकोणीस सफाई कामगारांना मात्र या निकालाचा उपयोग नाही. मी कार्यालयातील सर्व नोंदवह्या पाहिल्या. ठेकेदाराने हजेरीपुस्तक ठेवलेले नाही. लेखी नोंद नाही, म्हणून हक्क नाही.'

मंगळवारी मावशींचे बोट त्या ओळीवर थांबले. बुधवारीही थांबले. गुरुवारी त्यांनी काच पुसलीच नाही. झाडू भिंतीला टेकवला, पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी काढली आणि लाल चौकटीत टाचली. टाचणी दोनदा पडली.

चिठ्ठीत लिहिले होते, 'बाई तुमचं चुकलं. नोंद आहे. रोज दोनदा. संडासाच्या दारामागे.' खाली नियमाप्रमाणे त्यांचे नाव होते.

दहा वाजेपर्यंत माझ्यापुढे हशा पिकला होता. हेडक्लार्कसाहेब धावत आले. "हे काय आता! फळ्यावर संडास? काढा ते आधी!" त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली. हसल्या नाहीत. आल्या पावली वळल्या आणि सरळ बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दारामागे टांगलेले पुठ्ठ्याचे कार्ड होते. दर महिन्याला नवे लागणारे, तारखांच्या रकान्यांचे. सकाळची वेळ, सही. दुपारची वेळ, सही. शेवटच्या रकान्यात 'तपासले' आणि आणखी एक सही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ही शेवटची सही कोणाची?"

हेडक्लार्कसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "माझीच आहे. रोज फिरतो ना मी. साफ झालंय की नाही बघायला नको?"

"म्हणजे प्रत्येक बाई रोज कुठे, किती वाजता कामावर होती, ते तुम्ही सही करून सांगताय."

"आता तुम्ही तसं म्हणताय तर..."

"मी म्हणत नाही. कार्ड म्हणतंय." बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. "अकरा वर्षं हे दार माझ्या नाकासमोर बंद होतंय. मी नोंदवह्यांची कपाटं पालथी घातली, आणि हा कागद एकदाही वाचला नाही."

मावशींना बोलावणे गेले. बाईंनी विचारले, "मावशी, जुनी कार्डं टाकून दिलीत का हो?"

"टाकीन कशाला? महिना संपला की सगळ्या मजल्यांची मीच काढते. मागची बाजू कोरी असते. नातीला चित्रं काढायला नेते."

"किती असतील?"

"पत्र्याची पेटी भरून आहेत. आता तिचे हत्तीच हत्ती चाललेत."

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या क्षणी माझ्या काचासुद्धा कंप पावल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी पेटी आली आणि पेटीबरोबर नातही आली. सात वर्षांची. तिने पेटीवर दोन्ही हात ठेवले होते. "माझी चित्रं आहेत ती. कोर्टाला देणार नाही."

मावशी डोळे वटारू लागल्या. बाई मात्र माझ्यापुढच्या पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. "बरोबर आहे तुझं. कोणाची वस्तू अशी न विचारता घ्यायची नसते. मी पावती लिहून देते. परत करायचं कलम घालते. चालेल?"

नातीने विचार केला. "एक पण हत्ती हरवायचा नाही."

"एकही नाही, असं लिहिते." आणि खरोखरच लिहिले, तारीख घालून, सही करून. नातीनेही खाली नाव लिहिले.

पुढच्या सोमवारी माझ्यावर बाईंची कबुली लागली. चूक जेवढ्या मोठ्या अक्षरांत होती, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. 'माझी चूक झाली. नोंद होती. मी ती योग्य जागी शोधली नाही. ती दाखवणाऱ्या वाचकाची मी ऋणी आहे.' मावशींनी ते वाचले. त्या दिवशी काचेवरचे ठसे त्यांनी पुसले नाहीत.

एक तारखेच्या आत अर्ज दाखल झाला. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, आता नावाजलेली वकील, उभी राहिली. न्यायालयाने सांगितले की निर्णय होईपर्यंत कोणालाही काढू नये. निर्णयाला पाच महिने लागले.

त्या पाच महिन्यांत एक सोमवार असा आला की माझ्यावर पान लागले नाही. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. मग हेडक्लार्कसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात चार ओळींची सूचना लावली, आणि ती लावताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बाई गेल्या होत्या. आठवड्याने त्यांची मुलगी खोलीतले सामान न्यायला आली. पुस्तकांची खोकी रिक्षात ठेवून ती परत आत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. कबुलीचे पान एका कोपऱ्याने सुटले होते. तिने शिपाईमामांकडून एक टाचणी मागून घेतली, पान सरळ केले आणि गेली.

निकालाच्या दिवशी काय झाले, ते मला मावशींच्या तोंडून कळले. परत आल्यावर त्यांनी माझ्यापुढेच सगळ्यांना सांगितले. ठेकेदाराचा वकील उठून म्हणाला होता, "महाराज, हा पुरावा नाही, ही लहान मुलीची चित्रकलेची वही आहे." न्यायाधीशांनी एक कार्ड उचलून हत्ती पाहिला. "चांगला आहे हत्ती," ते म्हणाले. "आता वकीलसाहेब, जरा पुढची बाजू वाचा." वकिलाने वाचले. तारीख, वेळ, सही, तपासले. दुसरे कार्ड, तिसरे कार्ड. मग हेडक्लार्कसाहेबांना विचारले, सही तुमचीच का? ते ताठ उभे राहून म्हणाले, "माझीच. कार्डं सुरू झाल्यापासून सहा वर्षांत एक दिवसही चुकलेलो नाही." मावशी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या माणसाच्या कटकटीचं कौतुक वाटलं!"

एकोणीसच्या एकोणीस जणी कामावर राहिल्या. ठेकेदार बदलला तरी राहतील, असा लेखी आदेश झाला. चित्रे मोजून परत मिळाली. एकही हत्ती हरवला नाही.

आदेशाची प्रत माझ्यावर कोणी लावायची, यावर विद्यार्थ्यांत कुजबुज झाली. शेवटी ती मावशींनीच लावली. चारही कोपऱ्यांना टाचण्या, आणि या वेळी एकही पडली नाही. सगळे टाळ्या वाजवू लागले. वरच्या मजल्यांवरून बाकीच्या अठरा जणी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात तेव्हा मावशींनी पदराने डोळे पुसले आणि बादली उचलली. "पुरे झालं. सरका आता, पाय उचला. फरशी ओली करायचीय."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तूने 'माझी काळजी घ्या' असे म्हणायचे असते. मी म्हणणार नाही. माझी काच पुसायला एकोणीस जणी आहेत, आणि त्या कायद्याने आहेत. तुम्ही फक्त एवढे करा. रोज ज्या दारातून आतबाहेर करता, त्याच्या मागे काय लिहिले आहे, ते एकदा थांबून वाचा. आणि शिकल्यासवरल्या माणसाचे चुकते आहे असे वाटले, तर टाचणी दोनदा पडली तरी चालेल, चिठ्ठी टाचा. खाली नाव लिहायला विसरू नका.