दोन पाठींची ऊब

मित्रांनो, मी शेकायची एक जुनी रबरी पिशवी आहे. न्हाणीघराच्या दारामागे तोंड खाली करून टांगलेली दिसते ना, तीच मी. माझा मूळचा तांबडा रंग केव्हाच उडाला, कडांना भेगा पडल्या. पाणी ओतून दिले की मी रिकामी झाले, असे तुम्ही म्हणाल. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण तो खोटा आहे. माणसाचे कण्हणे वर्षानुवर्षे अंगाशी धरून ऐकलेली वस्तू पाणी ओतून दिल्याने रिकामी होत नाही. घरात निजानीज झाली नसली, भरदुपार असली, बाहेर रहदारीचा गलका चालू असला, तरी माझ्या आत कोणीतरी कण्हत असते.

माझा जन्म कारखान्यातला. रबर साच्यात दाबले गेले, तापले, आणि मी बाहेर पडले. मग एका कामगार बाईने माझ्यात हवा भरली, मला पाण्याच्या टाकीत बुडवले आणि कुठून बुडबुडा येतो का, हे डोळ्यांत तेल घालून पाहिले. तिची खात्री पटली तेव्हाच मी पुढे सरकले. एकमेकांकडे इतक्या बारकाईने पाहणे ही माणसांची रीतच असावी, असा माझा त्या वेळी समज झाला. तो फार दिवस टिकला नाही.

मी ज्या घरात आले तिथली आई शिवणकाम करी. खिडकीपाशी तिचे मशीन होते. जेवण झाले की तिच्या बरगड्यांखाली कळ उठे आणि गिरमिटाने भोक पाडावे तशी थेट पाठीत निघे. मग ती मला भरी, पाठीच्या एका ठरावीक मणक्याशी धरी आणि दात आवळून बसे. पण या दुखण्याची एक चमत्कारिक खोड होती. आई मशीनवर बसली की ते कमी होई. अंथरुणावर पाठ टेकली की दुप्पट जोराने उठे.

घरातले बाबा फर्निचरच्या दुकानात विक्रेते होते. शब्दाला शब्द जोडून गिऱ्हाईक खुलवणे हा त्यांचा धंदा आणि स्वभावही. ते दुष्ट नव्हते, हे मी आधीच सांगते. पण विनोद सुचला की तो गिळणे त्यांना जमत नसे.

"तुझं दुखणं मोठं कामसू आहे हो!" ते म्हणत. "मशीन सुरू झालं की रजेवर जातं, आणि मशीन थांबलं की लगेच कामावर हजर!"

सगळे हसत. आईही हसे. शाळेत जाणारी लेक तर हे वाक्य बाबांच्या आवाजात म्हणून दाखवी आणि पाहुण्यांकडून शाबासकी मिळवी. गल्लीतले डॉक्टर आम्लपित्ताची पूड देत. आई वाळत चालली. स्वतःच्या कपड्यांना ती पुन्हा पुन्हा आतून टीप मारी, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नसे, कारण टीप फार सफाईदार असे.

एका सकाळी तिला इस्पितळात हलवले. मी अंथरुणातच राहिले. माझ्यातले पाणी निवत गेले, पार गार झाले. आई परत आली नाही. ते पाणी ओतून द्यायचेही कोणाला सुचले नाही. मित्रांनो, गार पाणी पोटात घेऊन ज्याची वाट पाहिली ते माणूस येत नाही, तेव्हा काय वाटते, हे सांगायला मला शब्द नाहीत.

पुढे मी जुन्या चादरींखाली कपाटात पडले. माझ्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या. घरात हसणे ऐकू येई, भांड्यांचा आवाज येई. मला मात्र त्यामागून मशीनची टिकटिक ऐकू येई, आणि मशीन तर केव्हाच विकले गेले होते.

मग एके संध्याकाळी कपाट उघडले. लेक आता मोठी झाली होती. छापलेले कागद शिवून पुस्तके बांधण्याच्या कारखान्यात काम करू लागली होती. तिने मला धुतले, कोमट पाण्याने मऊ केले, भरले आणि पाठीला लावले. मी शहारले. तोच मणका. तीच जागा. त्या जागेखाली तीच कळ गिरमिटासारखी फिरत होती. मी ओळखले, पण मला वाचा कुठे आहे?

तेव्हापासून मी तिच्याबरोबर हिंडू लागले. कारखान्यात खळीच्या पातेल्याशेजारी माझे पाणी तापे. दुपारच्या जेवणानंतर ती मला खुर्चीच्या पाठीशी दाबून बसे आणि पुस्तक शिवायला पुढे वाकली की तिचा श्वास सुटे. घरी जाऊन आडवी झाली की पुन्हा तेच. म्हातारे झालेले बाबा तोच जुना विनोद काढत, आणि तो ऐकून लेक भिंतीकडे कूस वळवी.

बरेच डॉक्टर करून झाले. एकाने पित्त ठरवले, एकाने पाठीचे स्नायू, एकाने उपास करायला सांगितले तर दुसऱ्याने उपास सोडायला. गोळ्या बदलत, दुखणे बदलत नसे. एका मोठ्या दवाखान्यात, गार हवेच्या खोलीत, गोड बोलणाऱ्या एका डॉक्टरांनी तिला विचारले, "कामावर असताना दुखतं का?"

लेकीने प्रामाणिकपणे सांगितले, "कामाला बसले की कमी असतं."

डॉक्टर सोबत आलेल्या बाबांकडे पाहून हसले. "बघा!"

"मी हेच म्हणत होतो!" बाबा टाळी दिल्यासारखे बोलले. "हिच्या आईचंही असंच. मन रमलं की बरं."

"मन रमवा," डॉक्टर लेकीला म्हणाले. "रिपोर्ट चांगले आहेत. आनंदात राहायचं."

त्या दिवशी लेकीने एक निश्चय केला, आणि तो तिच्या जिवावर बेतणारा होता: कामाला बसून वाकल्यावर बरे वाटते ही गोष्ट पुन्हा कोणत्याही डॉक्टरला सांगायची नाही. खरे बोलल्याने ती खोटी ठरली होती. म्हणून खरे वाटावे यासाठी ती अर्धे खरे बोलू लागली. जो धागा हाती धरून कोणी दुखण्यापर्यंत पोहोचला असता, तोच तिने पदराआड लपवला. मी तिच्या पाठीशी होते आणि मला आईचा अखेरचा हिवाळा दिसत होता. लेकही आता कपड्यांना आतून टीप मारू लागली होती.

अशात कारखान्यात एक डॉक्टरीण बाई आपला झिजलेला वैद्यकाचा ग्रंथ बांधायला घेऊन आल्या. कपाळाला कायमची आठी, बोलणे तुटक. बांधलेले पुस्तक न्यायला आल्या तेव्हा इतर गिऱ्हाइकांसारखी त्यांनी कव्हरवरची सोनेरी अक्षरे पाहिली नाहीत. त्यांनी पुस्तक उघडले, पाठीत बोट घातले आणि शिलाई पाहत एकेक पान उलटू लागल्या.

"पानांच्या दोन जुड्यांची अदलाबदल झाली आहे," त्या म्हणाल्या.

मालक म्हणाले, "बाई, मधली पानं आहेत, कोण बघतंय?"

"मी बघतेय. उसवा आणि पुन्हा शिवा."

त्या गेल्यावर मालकांनी कपाळावर हात मारला. "खडूस बाई! पेशंट कसे टिकतात हिच्याकडे?"

चूक लेकीची होती. ती पुस्तक उसवू लागली, पण उसवता उसवता तिचे हात थांबले. जी बाई पुस्तकाची मधली पाने सोडत नाही, ती माणसाची सोडील का? डॉक्टर निवडण्याची ही पद्धत शास्त्रात बसते की नाही, यावर वाद होऊ शकेल. नावाजलेल्या पाट्या वाचून डॉक्टर निवडण्याच्या पद्धतीपेक्षा ती वाईट नव्हती, एवढेच माझे म्हणणे. पुस्तक द्यायला लेक स्वतः बाईंच्या दवाखान्यात गेली आणि पुस्तकाबरोबर आपले दुखणेही टेबलावर ठेवून बसली.

पण सवयीने तिने तो एक धागा लपवलाच.

"झोपा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. लेक तपासणीच्या टेबलावर आडवी झाली आणि लगेच कुशीवर वळून तिने गुडघे पोटाशी घेतले. पाठ उघडी पडली. तिथल्या कातडीवर तपकिरी रंगाची एक जाळी उमटलेली होती, वाळलेल्या चिखलावरच्या भेगांसारखी.

"हे काय?"

"काही नाही. शेकते ना, त्याचा डाग."

"कशाने शेकता?"

लेकीने मला झोळीतून काढले. बाईंनी मला हातात घेतले, माझ्या भेगांवरून अंगठा फिरवला. कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते.

"हा डाग एका महिन्यात पडत नाही. वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "इतकं दुखतं, मग त्यावर काहीतरी उपाय तुम्ही स्वतः शोधलाच असेल. कसं बसलं की बरं वाटतं?"

लेकीने तोंड दुसरीकडे फिरवले.

"मी डॉक्टर आहे, वकील नाही. तुम्हाला शब्दांत पकडायचं नाहीये मला."

"सांगितलं की तुम्हीही तेच म्हणाल."

"मी काय म्हणायचं ते माझं मला ठरवू द्या."

"पुढे वाकलं की," लेक एकदम बोलली, आणि तिचा बांध फुटला. "पुस्तकं शिवायला बसते तेव्हा कमी होतं. म्हणून सगळे म्हणतात, कामात मन रमतं. म्हणजे मनाचंच ना हे?"

"अहो, मन काय कमरेत वाकतं?" बाई खेकसल्या. "वाकल्यावर पोटामागचा भार हलका होतो. आजार काय आहे ते मला अजून ठाऊक नाही. पण कुठे शोधायचं, ते आत्ता तुम्ही सांगितलंत. घरात आणखी कोणाला होतं असं?"

लेकीने मला बाईंच्या हातून परत घेतले. तिने माझा पट्टा घट्ट धरला. मग ती म्हणाली, "आई मशीनवर शिवायची."

बाईंनी आपला आवाज पहिल्यांदाच खाली आणला. "बसा. पाणी प्या."

तपासण्यांत दुखणे सापडले. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लगटून स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तो वर्षानुवर्षे सुजत आला होता आणि त्याच्या नळीत खडे झाले होते. पुढे खडे काढले गेले. आता प्रत्येक घासाबरोबर औषध आहे, खाण्यापिण्याची बंधने आहेत. पूर्ण बरे होईल, असे डॉक्टरीण बाईंनी एकदाही म्हटले नाही. "आटोक्यात ठेवू," एवढेच. चटका बसेल इतके शेकायला त्यांनी बंदी केली. लेक आता उताणी निजते. मी तिच्या उपयोगाची फारशी उरले नाही, आणि याचा मला आनंद आहे.

पण ज्या दिवशी रिपोर्ट आला त्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. लेकीने ते सारे बाबांना समजावून सांगितले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे वाकल्यामुळे बरं वाटायचं? कामामुळे नव्हे?"

"वाकल्यामुळे."

"मग तुझ्या आईचं?"

"आता कोण सांगणार, बाबा? डॉक्टर म्हणाल्या, कधी कधी हे आईकडून लेकीला येतं."

बाबांनी रिपोर्ट उचलून पुन्हा वाचला. मग एखादा पुरावा मांडावा तसे म्हणाले, "पण ती हसायची गं. मी असं काही बोललो की ती स्वतः हसायची."

"हसायची ना," लेक म्हणाली. "पोट दाबून हसायची. आपल्याला वाटायचं, हसून हसून दुखतंय."

त्यानंतर त्या घरात तो विनोद कोणी केला नाही. कधी कधी दुपारी, लेक कारखान्यात गेलेली असताना, बाबा मला खिळ्यावरून काढतात. गरम पाणी भरतात, बूच घट्ट लावतात आणि मला मांडीवर घेऊन बसतात. त्यांना कुठेही दुखत नसते. मी निवेपर्यंत ते मला सोडत नाहीत.

मित्रांनो, माझी निगा राखणे सोपे आहे. माझ्यात उकळते पाणी ओतू नका, काम झाले की मला उलटी टांगून वाळवा, म्हणजे मी खूप वर्षे टिकेन. दुखणाऱ्या माणसाची निगा त्याहून थोडी अवघड आहे. तो आपले दुखणे सांगेल आणि ते तुम्हाला विचित्र वाटेल, कदाचित हसूही येईल. तेव्हा हसू नका. तुम्हाला कळले नाही तर "मला ठाऊक नाही" असे म्हणा, आणि ज्याला कळेल त्याच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. एक दार बंद झाले तर दुसऱ्या दारापर्यंत जा. त्या आईबरोबर कोणीही गेले नाही. मी गेले असते. पण मला पाय नव्हते.