घमेल्यात बसवलेला माठ

मी सातवी 'ब'च्या वर्गातला माठ बोलतोय. दाराजवळच्या कोपऱ्यात, लोखंडी तिवईवर बसतो तोच. आधीच सांगून टाकतो, मी मनानं फार मोठा नाही. माझं जे आहे ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं मला बघवत नाही.

गंगाखेडच्या बन्सीधर कुंभारानं गोदावरीच्या गाळात लीद आणि राख मळून मला घडवलं. बाजारात दगडाबाईंनी मला बोटानं टणटण वाजवून पाहिलं. दगडाबाई म्हणजे आमच्या शाळेतल्या मावशी. त्यांनी मला एसटीत मांडीवर घेऊन परभणीला आणलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, माठाचं बी तिकीट काढा की." त्या म्हणाल्या, "लेकरू हाय माजं, मांडीवर बसलंय." तेव्हापासून माझे लाड व्हावेत अशी मला सवयच लागली.

शाळा मिशनची, सिस्टर लोकांची. भिंतीवर क्रूस, फळ्यावर रोजची प्रार्थना. बाकांवरची पोरं मात्र बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, शेतकऱ्यांची. मार्च लागला की या वर्गात माझा भाव वाढतो. पी.टी.चा तास संपला की माझ्यापुढे ही रांग! आणि सगळ्यांच्या आधी वैष्णवी. ती झरीहून जीपनं येते. मला भरायचं, ओगराळं धुवायचं, ही तिची जबाबदारी. रोज सकाळी दप्तर ठेवायच्या आधी ती माझ्या पोटाला तळहात लावायची आणि म्हणायची, "लय गार हाय." एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

यंदा हे सगळं बिघडवलं एका घमेल्यानं.

झालं असं, की सिस्टर फिलोमिनांनी विज्ञानात अंकुरणाचा धडा घेतला. सिस्टर मूळच्या वसईच्या, समजावून सांगण्यात फार गोड. म्हणाल्या, "नुसतं वाचून काय होतंय? आपण गहू पेरू. ईस्टरपर्यंत छान वाढला, की चॅपलमध्ये वेदीपुढे ठेवू. मधली जागा मोकळी सोडा, तिथे मोठी मेणबत्ती ठेवायची आहे." वैष्णवीनं शेतातली काळी माती पिशवीत भरून आणली, घमेल्यात पसरली आणि मधली जागा सोडून गहू पेरला. घमेलं खिडकीत ठेवलं. गव्हाचं पाणीही सिस्टरांनी तिच्याकडेच दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली, की थेट खिडकीकडे. मला तळहात नाही, काही नाही. वर माझ्यातूनच ओगराळं भरून न्यायचं आणि त्याला पाजायचं. माझंच पाणी, माझ्याच डोळ्यांदेखत! कोंब दिसले त्या दिवशी तर तिनं सगळा वर्ग गोळा केला. मी तिथे वर्षभर उभा आहे, माझ्यासाठी कधी कुणी वर्ग गोळा केला नव्हता.

तो सिस्टर लोकांचा ईस्टरआधीचा, उपवासाचा चाळीस दिवसांचा काळ होता. सिस्टरांनी प्रत्येकाला चिठ्ठी दिली होती, ईस्टरपर्यंत एक वाईट सवय सोडायची म्हणून. कुणी मोबाईल सोडला, कुणी शिव्या. कार्यानुभवाच्या तासाला पोरं शिंदीच्या पानांचे क्रूस वळत होती, होळीसाठी पळसाची फुलं बादलीत भिजत होती, आणि मी कोपऱ्यातून त्या गव्हाचं वाईट चिंतत होतो. माझ्या हाती चिठ्ठी आली असती तर काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. पण सोडवलं नसतं.

मग ईस्टरची सुट्टी आली. बुधवारी दुपारी वर्गाला कुलूप लागणार, ते रविवारी सकाळीच निघणार. सिस्टर प्रार्थनेसाठी बाहेरगावी निघालेल्या, मावशी लेकीकडे पाथरीला. चार दिवस पाणी घालणार कोण? खिडकीत ऊन तर असं, की दुपारपर्यंत माती तडकावी. वैष्णवीचा चेहरा उतरला. मला मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता वाळतोय बेटा!

सगळे गेल्यावर ती मागे राहिली. घमेलं खिडकीतून काढून तिनं सावलीत ठेवलं. मग तिनं मला काठोकाठ भरलं, दोन्ही हातांनी उचललं आणि त्या मोकळ्या जागेत, गव्हाच्या ऐन मधोमध बसवलं. जागा मेणबत्तीपुरती होती. कडेचे पंधरा-वीस कोंब माझ्याखाली चिरडले. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पण कुलूप लागल्यावर डाव कळला. मला पाझरायला लावलं होतं, माझ्या वैऱ्यासाठी! मी ठरवलं, थेंब सोडायचा नाही. अंग आवळून बसलो. पण बंद खोलीतल्या त्या उकाड्यात कुठला माठ कोरडा राहील? माझ्या अंगाला पाणी सुटलं, ओघळलं, मातीत गेलं. आणि तो खुशाल पीत राहिला. शनिवारपर्यंत मी निम्मा झालो होतो.

त्याच दिवशी माझ्या बुडाला काहीतरी लागलं. केसाएवढी मुळं, ओल शोधत आलेली. आजवर मला हात लागले ते तहानेपुरते, पाणी पिऊन झालं की बाजूला. ही मुळं लागली आणि तिथेच राहिली. मला ते आवडलं. आवडलं म्हणून आणखीच राग आला.

रविवारी सकाळी ईस्टरच्या प्रार्थनेसाठी पोरं जमली आणि कुलूप निघालं. सिस्टर मेणबत्ती घेऊन दारातच थांबल्या.

"अगं वैष्णवी, हा माठ इथे कुणी ठेवला?"

वैष्णवीची मान खाली. "मीच, सिस्टर. आमच्यात नवरात्रात घट असाच बसवतेत. आजी म्हन्ती, माठ पाझरला की धान आपोआप भिजतंय. चुकलं का माजं? चॅपलमधी घट चालत न्हाई का?"

सिस्टरांनी गव्हावरून हात फिरवला. गहू वीतभर झाला होता, हिरवागार. "आणि चार दिवस पाणी कुणीच घातलं नाही?"

"न्हाई सिस्टर. माठानंच घातलं."

ऐकलंत? भर वर्गात म्हणाली ती. माझी मान किती ताठ झाली असेल!

मावशी मला उचलायला लागल्या, तर खालची माती वर यायला लागली. मुळांनी मला धरलं होतं. "राहू द्या," सिस्टर म्हणाल्या, "जोडीनंच नेऊ." मेणबत्ती माझ्या झाकणावर उभी केली. चॅपलमध्ये जो तो म्हणत होता, "काय सुंदर गहू आलाय!" माठाबद्दल अवाक्षर नाही. मी पुन्हा जळलो, सवयीप्रमाणे.

आठवड्यात गहू पिवळा पडला. वैष्णवीनं घरच्या रीतीनं तुरे खुडून सगळ्यांच्या केसांत खोवले, एक सिस्टरांच्या हातातही दिला. बाकीचा मावशींनी उपटून बागेत टाकला. मला सोडवताना मुळं तटातट तुटली.

आज मी नळाखाली उपडा आहे. मावशी राख आणि काथ्या घेऊन बसल्यात. घासून लख्ख केलं की मी पुन्हा कोपऱ्यात, माझ्यापुढे पुन्हा रांग. वैष्णवीचा तळहातही परत येईल. हेच तर मला हवं होतं. पण माझ्या बुडाला अजून त्याच्या मुळांची वाळकी जाळी चिकटून आहे, आणि काथ्या पोटावरून खाली सरकतोय.

मावशी, गळा घासा, पोट घासा, हवं तेवढं घासा. बुडाला तेवढा हात लावू नका.