खडीवर अडलेली घसरगाडी

मित्रांनो, मी एक जुनी घसरगाडी आहे. पण मोडीत निघालेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. फिनलंडमधल्या सावो भागातल्या एका लोहाराने मला लांब पोलादी पट्ट्या बसवल्या. पुढे बसायला लाकडी पाट, मागे धरायला दांडी. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने बर्फाला रेटा द्यायचा, की मी सुटलेच! दूध, सरपण, लेकरं, सगळं वाहिलं. पुढे घरात मोटार आली आणि माझी रवानगी सरपणाच्या खोपीत झाली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका जानेवारीत माझी मालकीण आउने हिने मला बाहेर काढलं. तिची धाकटी बहीण लेम्पी हेलसिंकीत एकटी राहायची. बर्फावर पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण मन काही धजेना. गेल्या हिवाळ्यापासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता. ज्या समुद्रात ती बर्फाला भोक पाडून भर थंडीत डुंबायची, तो दोन गल्ल्यांवर असून तिला परका झाला होता. हिला समुद्रावर नेणारच, असं ठरवून आउने मला रेल्वेत घालून निघाली.

एक मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. गावचे रस्ते बर्फाने पांढरे असतात. राजधानीत कोणी घसरू नये म्हणून फुटपाथवर खडी पसरतात. लेम्पीला कशीबशी पाटावर बसवून आउनेने रेटा दिला आणि मी अशी किंचाळले, की त्या चिडीचूप गल्लीत सगळ्या खिडक्यांचे पडदे सरकले.

"ताई, पुरे कर," लेम्पी शरमून म्हणाली. "लोक बघताहेत."

"बघू देत. वर्षभर बघितलं असतं, तर मला यावं लागलं नसतं."

आउनेने पुन्हा जोर लावला. मी बोटभरही हलले नाही.

इमारतीचा रखवालदार एस्को फावडं घेऊन शेजारीच उभा होता. खाली मान घालून तो सांगू लागला. लेम्पीचं दार वाजवावं असं शेजाऱ्यांच्या कितीदा मनात यायचं. पण तिला निवांतपणा हवा असेल, उगीच त्रास कशाला, म्हणून सगळे मागे फिरायचे. या शहरात कोणाला न छेडणं म्हणजेच मान देणं.

"आणि मला वाटलं, तुम्ही मला विसरलात," लेम्पी म्हणाली.

हिवाळाभर झाडून कडेला लावलेला बर्फाचा ढीग एस्कोने फावड्याने पुन्हा फुटपाथवर टाकायला घेतला. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका बर्फ वाहायला बादली घेऊन उतरली, मागोमाग आणखी दोघे आले. खडी झाकली गेली. मी हलले आणि मग काय, सुटलेच!

किनाऱ्यावर लेम्पी आउनेच्या खांद्याला धरून उठली, बर्फातल्या भोकात सोडलेल्या शिडीपर्यंत गेली आणि काळ्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरली. लालबुंद होऊन वर आली तेव्हा तिने मागोमाग आलेल्या शेजाऱ्यांना विचारलं, "उद्या माझ्यासोबत कोण येतंय?"

आउने गावी परतली. मी इथेच, लेम्पीकडे राहिले. मित्रांनो, जुन्या घसरगाडीच्या पट्ट्यांना अधूनमधून तेल लावत जा. आणि शेजारचं दार बरेच दिवस बंद दिसलं, तर मान राखत बसू नका. वाजवा.