मला ब्रेक नाही!

मी होडी बोलतेय, तळ्याच्या धक्क्यावरची. नुसतं ‘होडी’ म्हणून भागत नाही हं! माझ्या शेजारी वल्ह्यांची होडी आहे, ती बिचारी माणसाच्या दंडांच्या जोरावर जगते. पलीकडे मोटारबोट, तिचा आवाजच फार. त्यापलीकडे गळ टाकून बसणाऱ्यांची सपाट बुडाची होडी, ती हलत नाही की डुलत नाही. मी शिडाची. फुकटच्या वाऱ्यावर चालते आणि त्याचा मला गर्व आहे. का लपवू?

एका सुतारानं मला घडवलं. आधी खाली लांब कणा घातला, मग फासळ्या बसवल्या, त्यांवर फळ्या ठोकल्या. माझं पुढचं टोक म्हणजे नाळ, तिनं पाणी कापायचं. मधे डोलकाठी, तिला शीड. मागे पाण्यात बुडालेलं सुकाणू आणि ते फिरवायला हातात धरायचा दांडा. आणि हो, माझ्यात तुम्ही कसेही बसा, डावी-उजवी मोजायची ती नाळेकडे तोंड करून. तुमच्यासाठी माझ्या बाजू बदलत नाहीत.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. नव्याचे नऊ दिवस झाले आणि मी ताडपत्रीखाली गेले. कोळ्यांनी जाळी विणून माझ्यात संसार मांडले. लाकूड वापरलं नाही की सुकतं, सांधे उघडतात आणि मन तर त्याआधीच सुकतं.

मग एक दिवस कुणीतरी ताडपत्री ओढली. “अहो, ही बघा! ही घ्यायची.”

त्या कंडक्टरबाई. मागे उभे होते ते त्यांचे यजमान, ड्रायव्हर. दोघांनी जन्मभर एकाच बसवर नोकरी केलेली. डोळा अधू झाला म्हणून ड्रायव्हरना बसवरून उतरवलं, तेव्हापासून ते खिडकीशी बसायचे. विचारलं तर ‘हूं’, नाही विचारलं तर तेही नाही. बाईंनी पोरासारखा हट्ट धरून मला घेतलं. का, ते मला पुढे कळलं. नवऱ्याच्या हातात काहीतरी वळवायला हवं होतं.

धक्क्यावर शिकवणारी एक मुलगी होती, तिला सगळे ‘कॅप्टन’ म्हणायचे. तिची परीक्षा साधी होती. तळ्यात तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपाला वळसा घालायचा आणि न धडकता धक्क्याला लागायचं. जमलं तरच पिंपापलीकडच्या मोठ्या पाण्यात जायची परवानगी.

पण ड्रायव्हर ते ड्रायव्हरच! डावीकडे वळायचं म्हणून ते दांडा डावीकडे ओढायचे. मी आपली उजवीकडे. मग ते घाबरून माझ्या तळाशी पाय आपटायचे. अहो, ब्रेक शोधत होते! मला कुठला ब्रेक? नाळ वाऱ्याच्या तोंडावर धरा, शीड फडफडेल, माझा जोर ओसरेल. हाच माझा ब्रेक. त्यांनी नाळ वाऱ्यापासून फिरवली, शीड टम्म फुगलं आणि मी धाडकन धक्क्यावर. एकदा झालं, पुन्हा झालं.

“आता शेवटचं,” ड्रायव्हर म्हणाले. “नाही जमलं तर विकून टाकू हिला. माझ्या हातात काही राहिलं नाही.”

माझ्या फळ्यांत कळ उठली. स्वतःसाठी नाही हो, मला काय, कुणीही घेईल. पण हा माणूस पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसेल, याचं फार वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी वारा डावीकडून होता. पिंपाला कसाबसा वळसा झाला. धक्का जवळ येऊ लागला, आता मला डावीकडे वळवून थांबवायचं होतं. ड्रायव्हरांचा दांड्यावरचा हात सवयीनं निघालाच डावीकडे.

“अहो थांबा!” डोलकाठीशी बसलेल्या बाई ओरडल्या. “रिव्हर्स घेताय असं समजा! तोंडाचं सोडा, शेपटाकडे बघा. शेपूट उजवीकडे टाका!”

आणि त्या माझ्या फळीवर थापा मारू लागल्या, जशा बसच्या पत्र्यावर मारत असतील. “येऊ द्या... येऊ द्या...”

ड्रायव्हरांचा हात थांबला. मग सरळ उजवीकडे गेला. माझं शेपूट उजवीकडे, नाळ डावीकडे, थेट वाऱ्याच्या तोंडावर! शीड फडफडलं, माझा जोर गेला आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तशी मी धक्क्याला टेकले.

“बास!” बाई म्हणाल्या.

काय माणसं हो ही! एकानं जन्मभर समोर बघितलं, दुसरीनं त्याचं मागचं सांभाळलं. मला दोघांचा अभिमान वाटला.

कॅप्टननं टाळ्या वाजवल्या, “जा आता मोठ्या पाण्यात!” पण ड्रायव्हर उठले आणि त्यांनी दांडा बाईंकडे दिला.

“तू घे.”

“मी? अहो, मी कधी सायकलसुद्धा चालवली नाही!”

“म्हणूनच. जन्मभर माझ्या बसमध्ये उभी राहिलीस. आज मी बसतो, तू ने.”

बाईंनी पदर खोचला, दांडा धरला, ढकलला. अर्थातच उलट्या बाजूला! माझी नाळ खर्रकन धक्क्यावर घासली.

“अगं बाई!”

“म्हणे रिव्हर्स समजा!” ड्रायव्हर म्हणाले. “तुला कुठं येतो रिव्हर्स?”

“मला पुढे तरी कुठं नेता येतंय!”

आणि ड्रायव्हर हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाई दांडा सोडून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. किती दिवसांनी ऐकला असेल त्यांनी तो आवाज!

आज मी काठावर पालथी आहे. रंगारी आलाय, पॉलिशपेपर घेऊन अंगावरचे सगळे डाग काढतोय. काढ बाबा, शेवाळ काढ, जुना रंग काढ, डॉक्टरच्या वेळचे पोपडे काढ. पण नाळेच्या उजव्या अंगाला त्या दिवशीचा हातभर लांब ओरखडा आहे ना, त्याला मात्र हात लावू नकोस. तो माझा दागिना आहे.