परत दिली

रॉइस टॉलेफसननं आधी जाकिटाची चेन खाली ओढली, मग कोपरानं जाकीट मागं सारलं, मग कमरेच्या म्यानाचं बटण अंगठ्यानं दाबलं आणि पिस्तूल बाहेर काढलं. नळी जमिनीकडे करून तो उभा राहिला.

"झालं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"झालं."

"एवढा वेळ लागतो?"

"जानेवारीत याहून जास्त. तेव्हा हातमोजे असतात."

मालिकावाल्यांनी डनिंग गावाचा मुख्य रस्ता आठवडाभरासाठी अडवला होता. दुकानांच्या पाट्या उतरवून त्यांनी स्वतःच्या लावल्या होत्या, कारण गाव पुरेसं गावासारखं दिसत नव्हतं म्हणे. शेरीफनं त्यांना हत्यारांबद्दल सल्ला द्यावा असं काउंटीच्या मंडळानं ठरवलं होतं. रॉइसला कुणी विचारलं नव्हतं. तो चौथ्यांदा निवडून आलेला शेरीफ होता आणि न विचारता ठरलेल्या गोष्टींची त्याला सवय होती.

शेरीफचं काम करणारा नट बाजूला उभा होता. त्याचं म्यान मांडीवर खाली लोंबत होतं, चामड्याच्या वादीनं बांधलेलं. आत हस्तिदंती मुठीचं, वीतभर नळीचं रिव्हॉल्व्हर. मालिकेत ते त्याच्या आजोबांचं होतं.

"तुमच्या आजोबांकडे कोणतं होतं?" नटानं आदरानं विचारलं.

"माझे आजोबा नॉर्वेहून आले. त्यांच्याकडे बत्तीस गाई होत्या."

रॉइसची डेप्युटी कॉरिन बॅकलंड कठड्यावर बसून कागदी पेल्यातली कॉफी पीत होती. ती फिस्सकन हसली आणि कॉफी तिच्या गुडघ्यावर सांडली.

"असं म्यान घालून गाडीत बसून दाखव म्हणावं त्याला," ती म्हणाली. "सीटबेल्ट लावायच्या आत स्वतःच्याच पायात गोळी."

रॉइसचं पिस्तूल काळं होतं, प्लास्टिकच्या मुठीचं, सरकारी. एकोणीस वर्षांत त्यानं चारशेच्या वर गोळ्या झाडल्या होत्या. सगळ्या महामार्गावर. गाडीखाली येऊन कंबर मोडलेली हरणं रस्त्याकडेला पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत असतात, त्यांना. एकदा एका घोड्याला. प्रत्येक गोळीमागे एक कागद भरायचा: जागा, वेळ, कारण, शेरीफची सही. माणसावर त्यानं कधी पिस्तूल रोखलंसुद्धा नव्हतं. माँटानाच्या या कोपऱ्यातले बहुतेक शेरीफ असेच म्हातारे होतात. टीव्हीतल्या शेरीफला मात्र एका तासात तीन माणसं मारावी लागतात, आणि त्याला कागद भरताना कुणी पाहिलेलं नाही.

दुपारी दिग्दर्शकानं त्याला पटकथेची चार पानं दिली. हत्याराच्या चुका काढा म्हणाला. रॉइसनं ती गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचली. एक मेंढपाळ रायफल घेऊन कोकरांच्या शेडमध्ये स्वतःला कोंडून घेतो. बाहेर त्याची बायको रडते. शेरीफ लाथेनं दार तोडतो आणि कमरेवरूनच एक गोळी झाडतो.

त्यानं पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बारमध्ये कुणीतरी," दिग्दर्शक म्हणाला. "काळजी नको, सगळं बदललंय."

"नावं बदललीत."

"आणि शेवट. त्यात शेवटच नव्हता हो. शेरीफ येतो, बाहेर बसून राहतो. काहीच करत नाही. लोक चॅनल बदलतील." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. "तुम्ही तिथं होतात का?"

"गोळी कमरेवरून झाडली तर छतात जाईल," रॉइस म्हणाला. त्यानं पानं परत दिली.

* * *

तो भाग ऑक्टोबरात लागला. रविवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या शेडमधून बंब बाहेर काढून तिथं पडदा लावला. बायकांनी बटाट्याचे आणि मांसाचे गरम ट्रे आणले. साडेतीनशे वस्तीच्या गावातली दोनशे माणसं आली. आपलं दुकान, आपला कुत्रा, आपली पाठ पडद्यावर दिसली की लोक ओरडत होते.

दार तुटलं, गोळी सुटली, मेंढपाळ पेंढ्यावर पडला. टाळ्या वाजल्या.

गुरांच्या खाद्याच्या दुकानाचा एल्मर स्ट्रँड रॉइसच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "तुझं दार यापेक्षा जोरात तुटलं होतं, बरं का. मला चांगलं आठवतंय."

"एल्मर, तू फाटकापाशी गाडीत बसला होतास."

"मग? तेच सांगतोय. तिथपर्यंत आवाज आला."

रॉइसनं त्याच्याकडे पाहिलं. एल्मर खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात आता दारच तुटत होतं. बारा वर्षांपूर्वी डेल हॅगनच्या शेडचं दार आतून लावलेलं होतं आणि रॉइस बाहेर एका उलट्या बादलीवर अडीच तास बसला होता. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली. ते चाऱ्याबद्दल बोलले, कुंपणाबद्दल बोलले, डेलच्या मुलीच्या पडलेल्या दातांबद्दल बोलले. मग आतून एकच आवाज आला. दार नंतर बिजागरीचे स्क्रू काढून उघडलं. त्याला वीस मिनिटं लागली, कारण आता घाई नव्हती.

बाहेर निघताना लाइल ऑमंडसननं त्याला गाठलं. लाइलची बायको जूनमध्ये गेली. जुलैत त्याच्या बहिणीनं त्याच्या तिन्ही रायफली गाडीत घालून रॉइसकडे आणून दिल्या. या भागात तसंच करतात. घरात कुणाचे दिवस वाईट चालले असले की बायको, बहीण, नाहीतर तो माणूस स्वतःच हत्यारं शेरीफच्या कपाटात ठेवून जातो. त्याला खटला नाही, कोर्टाचा हुकूम नाही. रायफलीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, नाव आणि तारीख. माणूस बरा झाला की येतो आणि घेऊन जातो. बरा झाला की नाही हे तोच सांगतो.

"शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतोय," लाइल म्हणाला. त्यानं दाढी केली होती, पण गळ्यावर एक पट्टा तसाच राहिला होता. "पुतण्याबरोबर एल्कला जाईन म्हणतो. उद्या सकाळी येऊ?"

"ये," रॉइस म्हणाला. शब्द तोंडातून आपोआप गेला, चर्चमध्ये 'आमेन' जातं तसा.

* * *

सोमवारी लाइलच्या आधी मार्नी हॅगन आली. ती आता एकोणीस वर्षांची होती आणि गुरांच्या डॉक्टरकडे कामाला होती. गमबूट दाराबाहेर काढून ती मोज्यांवर आत आली. कॉरिननं तिच्याकडे पाहिलं, मग रॉइसकडे, आणि डोनट आणते म्हणून निघून गेली. टेबलावर डोनटांचा डबा भरलेला होता.

"मिस्टर टॉलेफसन, तुम्ही माझ्या बाबांना गोळी घातली का?"

"नाही."

"आई म्हणते, रायफल साफ करताना उडाली."

रॉइसनं डोनटांचा डबा बाजूला सरकवला.

"काल सगळे माझ्याकडे वळून बघत होते. दार तुटलं तेव्हा. एल्मरची बायको म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस पोरी, शेरीफला दुसरा इलाजच नव्हता." तिचा आवाज सपाट होता, गाईचा ताप सांगावा तसा. "मी सात वर्षांची होते. मला फक्त एवढं आठवतं की तुम्ही बादलीवर बसला होता आणि आईनं मला आजीच्या गाडीत घातलं. सांगा ना. तुम्ही घातली असेल तर मला चालेल."

"चालेल?"

"ती साफ करताना उडाली नाही, एवढं मला कळतं. कामावर गोठ्यागोठ्यांत मी रोज रायफली बघते. मग राहतात दोनच गोष्टी. त्यातली तुमची असलेली बरी."

हे ऐकून रॉइसला काहीतरी वाटायला हवं होतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही. बारा वर्षं असंच होतं. हो म्हणणं सोपं होतं. सगळं गाव हो म्हणतच होतं, पडद्यावर, टाळ्या वाजवून. पोरगी आयुष्यभर त्याचा द्वेष करू शकली असती, आणि द्वेषाचं ओझं माणसाला उभं ठेवतं.

तो उठला. खिळ्यावरची किल्ली काढून त्यानं मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत सात रायफली उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. दाराच्या आतल्या बाजूला एका तारेत जुन्या चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. किल्ली त्यानं टेबलावर टाकली, तारेतून एक चिठ्ठी सोडवली आणि तिच्यापुढे ठेवली.

चिठ्ठी पिवळी पडली होती. *डेल हॅगन. एक रायफल. 2 मे. बायकोनं आणून दिली.* खाली दुसऱ्या पेनानं: *परत दिली. 19 ऑक्टोबर. आर. टी.*

मार्नीनं ती वाचली. तारखेवर बोट ठेवलं. बाप गेल्याची तारीख तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तीन दिवस आधी," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी मागितली?"

"हो."

"आणि तुम्ही दिलीत."

"हंगाम उघडत होता. आपल्याकडे माणूस एल्कला गेला नाही तर लोक विचारतात, का गेला नाही. मला वाटलं, त्याला कुणी विचारू नये." तो थांबला. "दाढी केली होती त्यानं. मला वाटलं, बरा झाला."

"शेडमध्ये काय बोललात त्यांच्याशी?"

"कुंपणाचं. तुझ्या दातांचं. ती रायफल परत मागायचं धाडस मला झालं नाही. अडीच तासांत एकदाही."

मार्नीनं चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागं कोरी होती. मग ती उठून कपाटापाशी गेली आणि एकेक चिठ्ठी वाचू लागली. गावातली नावं, सगळी ओळखीची. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चिठ्ठीवर एकच नाव होतं.

"लाइलला कधी देणार?"

"आज येतोय."

बाहेर रेतीवर चाकं वाजली. लाइलची निळी गाडी, एक दिवा फुटलेला. मार्नीनं खिडकीतून पाहिलं. लाइल उतरला, आरशात वाकून टोपी नीट केली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

मार्नीनं कपाटाचं दार लावलं. टेबलावरची किल्ली उचलली, कुलूप फिरवलं. खिळ्याकडे तिनं पाहिलं. मग किल्ली आपल्या खिशात टाकली, बापाची चिठ्ठीही टाकली, आणि रॉइसकडे न बघता बाहेर जाऊन बूट चढवू लागली. पायरीवर ती आणि लाइल समोरासमोर आले.

"हॅगनांची ना तू?" लाइल म्हणाला. "काल बघितलं मी. वाईट वाटलं."

"तसं झालं नव्हतं," मार्नी म्हणाली आणि गेली.

लाइल आत आला. त्याच्या हातात रिकामी तीन म्यानं होती, कापडी, घडी घातलेली.

"कपाटाची किल्ली नाहीये," रॉइस म्हणाला.

"नाहीये म्हणजे?"

"हरवली."

"दुसरी असेल की."

"दुसरी आधीच्या शेरीफच्या खिशात होती. त्याला पुरलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही."

लाइलनं कुलपाकडे पाहिलं. मग रॉइसच्या कमरेकडे. तो हसला, पण हसू एकाच बाजूला आलं.

"मग उडव ना ते कुलूप. टीव्हीतल्या शेरीफसारखं. एका गोळीत उडतं."

"कागद भरावा लागेल."

"भर की."

"कारणाच्या जागी काय लिहू?"

लाइलनं हातातली म्यानं एकदा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. खिडकीबाहेर मार्नीची गाडी अजून सुरू झाली नव्हती. ती आत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

रॉइसनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली. कोपऱ्यातली खुर्ची पायानं ओढून टेबलासमोर आणली.

"लाइल, त्या रायफली मी तुला देणार नाही," तो म्हणाला. आपला आवाज त्याला अनोळखी वाटला. "किल्ली सापडली तरी देणार नाही."

"तुला तो हक्क नाही, रॉइस."

"नाहीये. खुशाल वकील आण."

"शनिवारी लोक विचारतील."

"माझं नाव सांग. म्हणावं, शेरीफ हरामखोर आहे."

लाइल उभाच राहिला. बाहेर गाडी सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि रस्त्याच्या तोंडाशी पुन्हा थांबली. बऱ्याच वेळानं लाइलनं टोपी काढली आणि खुर्चीच्या कडेवर बसला, उठायच्या तयारीतच.

रॉइसनं डोनटांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"उत्तरेकडच्या कुंपणाचं काय केलंस?" त्यानं विचारलं.